दंतशास्त्राचे आचार्य : डॉ. ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक

थोरांची चरित्रे म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे राजे, सेनापती, साधुसंत आणि देशभक्त उभे राहतात. त्यांचे गुणगान करावे तितके थोडेच. परंतु ज्यांनी राज्ये जिंकली नाहीत, सभा गाजविल्या नाहीत, आणि तरीही ज्यांच्या श्रमाचे फळ आज असंख्य माणसांच्या अक्षरशः मुखात आहे, असेही काही पुरुष होऊन गेले. अमेरिकेतील दंतवैद्य डॉ. ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक हे अशांपैकी एक होत. आपल्यापैकी ज्या कोणाच्या दाढेत दंतवैद्याने कधी काळी चांदी किंवा सिमेंट भरले असेल तो, त्याला ठाऊक असो वा नसो, ह्या पुरुषाचा ऋणी आहे.

ह्या चरित्राची निवड करण्यास आम्हांस आणखी एक कारण झाले. आमच्या गोंदियाकडे, शहरात काय आणि खेड्यात काय, एक गोष्ट नेहमी कानी पडते. मूल दाढ धरून रडू लागले की वडील माणसे सांगतात, आमच्या घराण्याचे दातच मुळी मऊ आहेत, त्याला कोण काय करणार? एवढे बोलून ती स्वस्थ बसतात, आणि दाढ मात्र आतून पोखरत जाते. हा समज निरुपद्रवी नाही. जेथे दैवाला दोष देता येतो तेथे मनुष्य यत्न सोडतो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ब्लॅक ह्यांनी नेमका हाच समज तराजूत घालून तोलला आणि यंत्रात घालून चिरडून पाहिला. त्यातून काय निष्पन्न झाले हे विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी जाणून घेण्यासारखे आहे.

ब्लॅक ह्यांचा जन्म ३ ऑगस्ट १८३६ रोजी अमेरिकेच्या इलिनॉय प्रांतात, विंचेस्टर गावाजवळ एका शेतकऱ्याच्या घरी झाला. बालपण रानावनात, पशुपक्षी न्याहाळण्यात गेले. शाळेचे शिक्षण फारच थोडे मिळाले. सतराव्या वर्षाच्या सुमारास ते क्लेटन येथे वैद्यकी करणारे आपले वडील बंधू टॉमस ह्यांच्याकडे राहावयास गेले आणि त्यांच्या हाताखाली वैद्यकाचे पहिले धडे त्यांनी घेतले. पुढे माउंट स्टर्लिंग येथील एका दंतवैद्यापाशी काही महिने उमेदवारी करून, वयाच्या एकविसाव्या वर्षी, म्हणजे सन १८५७ मध्ये, त्यांनी विंचेस्टर येथे स्वतःचा व्यवसाय थाटला.

त्या काळची दंतवैद्यकी आजच्यासारखी नव्हती, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. जगातील पहिले दंत महाविद्यालय सन १८४० मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे निघाले होते खरे. परंतु बहुतेक दंतवैद्य हे सुतार-सोनारांप्रमाणे गुरूच्या हाताखाली काम पाहून शिकत. दात काढणे, सोने ठोकून भरणे आणि कवळी बसविणे एवढ्यात त्यांची विद्या संपत असे. दात म्हणजे काय, तो कशाने बनलेला आहे आणि तो कोणत्या कारणाने नासतो, ह्याचा विचार करणारे विरळाच.

सन १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. ब्लॅक ह्यांनी संघराज्याच्या सैन्यात टेहळणीचे काम पत्करले. परंतु गुडघ्यास इजा होऊन त्यांना रुग्णालयात पडून राहावे लागले. ह्याच सुमारास त्यांची प्रथम पत्नीही निवर्तली. दुःखाने खचून न जाता सन १८६४ मध्ये त्यांनी जॅक्सनव्हिल येथे पुन्हा नव्याने संसार आणि व्यवसाय मांडला. दिवसा रुग्णांची सेवा करावी आणि उरलेला वेळ अभ्यासास द्यावा, असा त्यांचा क्रम पडला. रसायनशास्त्र त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने साध्य केले. सूक्ष्मदर्शक यंत्र हाताळण्यात नैपुण्य मिळविले. उत्तमोत्तम शास्त्रीय ग्रंथ जर्मन भाषेत आहेत असे दिसताच ती भाषाही ते शिकले. ज्याला शाळा धड लाभली नाही, त्याने आपल्या खोलीचीच शाळा केली.

ब्लॅक ह्यांचे कार्य समजण्यासाठी दाताची रचना थोडीशी समजून घेतली पाहिजे. आरशात आपणांस जो पांढरा, चकचकीत भाग दिसतो त्यास दंतवल्क म्हणतात. आपल्या शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ होय. वजनाने पाहता त्याचा सुमारे शेकडा ९६ भाग खनिज असतो. म्हणूनच तो कठीण आहे, आणि म्हणूनच काचेसारखा ठिसूळही आहे. ह्या वल्काखाली दंतिन नावाचा पिवळसर पदार्थ असतो, आणि दाताचा बहुतेक देह त्याचाच बनलेला आहे. दंतिनात सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के मुख्यत्वे तंतुमय द्रव्य आणि १० टक्के पाणी असते. आमच्याकडे भिंतीसाठी माती तुडविताना तीत धानाची तणीस मिसळतात, हे सर्वांनी पाहिले आहे. नुसती माती वाळली म्हणजे तडकते; तणशीमुळे ती धरून राहते. दंतिनातील तंतू हे ह्या तणशीचे काम करतात. त्यांच्या योगाने दंतिन दाब सोसते, किंचित लवते आणि पुन्हा सावरते. वरचे ठिसूळ वल्क जन्मभर टिकते, ते खाली हा लवचिक आधार असतो म्हणून. घराचे वासे कुजले की वरची कवेलू आपोआप ढासळतात, तसेच आतील दंतिन कुजले की वरचे वल्क एखादा दाणा चावतानाही कडकन मोडते.

दंतिनाचे आणखी एक नवल आहे. ते भरीव नसून त्यात आतील मगजापासून बाहेरच्या वल्काकडे जाणाऱ्या अगणित सूक्ष्म नलिका असतात. हॉलंडातील सुप्रसिद्ध संशोधक लेव्हेनहुक ह्यांनी सतराव्या शतकातच आपल्या भिंगातून त्या पाहिल्या होत्या. मगजाजवळ एका चौरस मिलिमीटरमध्ये अशा सुमारे ४५,००० नलिका असतात, तर वल्काजवळ त्याच्या निम्म्याहूनही कमी. शिवाय मगजाजवळ त्या अधिक रुंद असतात. ह्याचा अर्थ असा की, दाताच्या जितके खोल जावे तितके दंतिन अधिक पोकळ, अधिक ओले आणि म्हणून अधिक दुर्बल होत जाते. नलिकांत द्रव असल्यामुळे वल्क झिजून दंतिन उघडे पडले की थंड पाण्याच्या घोटासरशी तो द्रव हालतो आणि कळ मस्तकात जाते. म्हणजे दंतिन हा निर्जीव दगड नव्हे. आतील जिवंत मगजाशी त्याचा अखंड संबंध आहे.

आता ब्लॅक ह्यांच्या मुख्य कार्याकडे वळू. त्यांच्या काळी दंतवैद्यांत असे मत रूढ होते की काहींचे दात जातीनेच कठीण व काहींचे मऊ असतात. मऊ दातांत चुना कमी असतो आणि म्हणून ते किडतात. कठीण दातात सोने भरावे, मऊ दातात मऊ पदार्थ भरावा, असा उपदेशही काही जण करीत. हे मत सर्वांच्या तोंडी होते. परंतु पुरेशा दातांवर पद्धतशीर कसोटी लावून ते कोणी पारखले नव्हते. ब्लॅक ह्यांनी ते पारखण्याचे ठरविले. निरनिराळ्या वयाच्या माणसांचे काढलेले दात, निरोगी तसेच किडलेले, त्यांनी गोळा केले. प्रत्येकाची घनता मोजली. त्यात खनिज किती आणि इतर द्रव्य किती हे पृथक्करणाने ठरविले. मग दंतिनाचे लहान लहान, एकाच मापाचे ठोकळे कापून ते दाबयंत्रात घातले आणि किती भार पडताच ठोकळा फुटतो ह्याची नोंद केली. हे काम किती चिकाटीचे असेल, ह्याची कल्पना प्रयोगशाळेत एखादा तास घालविलेल्या विद्यार्थ्यास सहज येईल.

सन १८९५ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि व्यवसायात मोठीच खळबळ उडाली. किडणाऱ्या दातांच्या आणि न किडणाऱ्या दातांच्या दंतिनात घनता, चुना किंवा बळ ह्या कोणत्याही बाबतीत असा फरक आढळला नाही की ज्याने किडीचे कारण सांगता यावे. दात मऊ आहे म्हणून किडतो, हे मत कसोटीस उतरले नाही. किडीचे कारण दाताच्या आत नसून त्याच्या बाहेर, तोंडातील परिस्थितीत आहे, असे त्यावरून ठरले. बर्लिन येथे काम करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ विलोबी मिलर ह्यांनी सन १८९० मध्ये दाखवून दिले होते की, तोंडातील सूक्ष्म जंतू साखर व पीठ ह्यांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दातातील खनिज विरघळविते. ब्लॅक ह्यांच्या मोजमापांची त्यास बळकटी मिळाली, आणि जंतूंचा जो चिकट थर दातावर बसतो त्याच्याकडे त्यांनी व्यवसायाचे लक्ष वेधले. सन १९१० मध्ये मिलर ह्यांच्या नावाचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक प्रथमच देण्यात आले, ते ब्लॅक ह्यांनाच.

दात किती बळ सोसतो हे कळल्यावर, त्यावर किती बळ पडते हेही कळले पाहिजे. म्हणून त्यांनी माणसाच्या चावण्याचा जोर मोजणारे यंत्र बनविले. त्या काळी दाताच्या खळग्यात पारा व चांदी ह्यांचे मिश्रण भरीत. परंतु ते कधी आकसे, कधी फुगे, आणि कडेशी फट पडून पुन्हा कीड लागे. चांदी, कथील, तांबे व जस्त ह्यांचे प्रमाण बदलून बदलून, सूक्ष्म मापकाने आकुंचन-प्रसरण मोजून त्यांनी त्यावर उपाय शोधला. ही विद्या त्यांनी कुलुपात ठेवली नाही. प्रसिद्ध करून सर्वांस खुली केली.

परंतु भरलेला पदार्थ दातास चिकटून राहील असा डिंक त्या काळी कोणापाशी नव्हता. मग तो बसून राहावा कसा? येथे ब्लॅक ह्यांची दाताच्या रचनेची जाण उपयोगी पडली. सुतार खिळ्यावाचून सांधा करताना लाकडास अशी खाच पाडतो की जोडलेला तुकडा सुटू नये. त्याप्रमाणे खळग्याचा तळ सपाट, भिंती सरळ आणि आत धरून ठेवणारी खाच, अशी त्यांनी रीत घालून दिली. ज्या वल्काखाली निरोगी दंतिनाचा आधार नाही ते ठेवू नये, कारण ते आज ना उद्या मोडणारच, हा त्यांचा दंडक होता. दाताच्या कोणत्या बाजूस कीड आहे त्यावरून त्यांनी खळग्यांचे पाच वर्ग केले. हे सर्व सन १९०८ मध्ये त्यांच्या दोन खंडांच्या ग्रंथात प्रसिद्ध झाले. ते वर्ग आजही दंत महाविद्यालयांतील पहिल्या धड्यांत शिकविले जातात. सन १८९७ पासून अखेरपर्यंत ते शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील दंतशाळेचे प्रमुख होते.

वय सत्तरीच्या पुढे गेले तरी त्यांची जिज्ञासा मंदावली नाही. पश्चिमेकडील कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी फ्रेडरिक मॅके नावाच्या तरुण दंतवैद्यास असे दिसले की, तेथे वाढलेल्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात. त्याने ब्लॅक ह्यांच्याकडे विचारणा केली. सन १९०९ मध्ये ब्लॅक स्वतः तेथे गेले, मुलांचे दात पाहिले, आणि मृत्यूपर्यंत ह्या प्रश्नाचा त्यांनी पाठपुरावा केला. त्यांना आश्चर्य ह्याचे वाटले की, हे वल्क सदोष दिसत असूनही असे दात इतरांहून अधिक किडत नव्हते. ३१ ऑगस्ट १९१५ रोजी त्यांचे देहावसान झाले, तेव्हा कारण अज्ञातच होते. सन १९३१ मध्ये ते उलगडले: पिण्याच्या पाण्यातील अधिक फ्लोराइड. तेच द्रव्य अल्प प्रमाणात दातांचे किडीपासून रक्षण करते आणि अधिक झाले की दात विद्रूप करते, हेही पुढे सिद्ध झाले.

ही गोष्ट दूरदेशीची वाटेल, पण तशी ती नाही. हिंदुस्थानात हा विकार सन १९३७ मध्ये मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागात प्रथम नोंदला गेला. आणि आमच्या गोंदियासह विदर्भातील काही जिल्ह्यांत ठिकठिकाणी भूजलात फ्लोराइड मर्यादेपेक्षा अधिक आढळलेले आहे. भारतीय मानकाप्रमाणे एका लिटर पाण्यात ते १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरे पाणी नसेल तरच १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. ज्या गावी अनेक मुलांच्या दातांवर सारखेच पांढरे पट्टे वा तपकिरी डाग दिसतात, तेथे मुलांना दोष न देता प्रथम हातपंपाचे पाणी तपासून घ्यावे.

ब्लॅक ह्यांची परंपरा आपल्या देशापर्यंत कशी पोचली हेही सांगण्याजोगे आहे. सन १८९० च्या सुमारास त्यांनी काही काळ आयोवा विद्यापीठात अध्यापन केले होते. त्याच विद्यापीठाचे पदवीधर डॉ. रफिउद्दीन अहमद ह्यांनी सन १९२० मध्ये कलकत्त्यास हिंदुस्थानातील पहिले दंत महाविद्यालय काढले. पुढे सन १९३३ मध्ये मुंबईस नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय निघाले, आणि सन १९६८ मध्ये नागपुरास शासकीय दंत महाविद्यालय सुरू होऊन ही विद्या आमच्या दाराशी आली.

ब्लॅक ह्यांचे सर्वच सिद्धान्त चिरंतन ठरले असे मात्र नाही. पुन्हा कीड लागू नये म्हणून खळग्याच्या भोवतालचा निरोगी भागही कापून खळगा वाढवावा, असे ते शिकवीत. डिंक नसता ते योग्यच होते. परंतु सन १९५५ मध्ये मायकेल ब्युओनोकोर ह्यांनी दाखविले की, वल्कावर थोडा वेळ आम्लाचा प्रयोग केला तर ते खरखरीत होऊन राळेसारखा पदार्थ त्यास घट्ट धरतो. दंतिनावर हे साधणे कठीण होते, कारण नलिकांतील ओलावा आड येई. सन १९८२ मध्ये जपानचे नाकाबायाशी ह्यांनी सिद्ध केले की, वरचे खनिज काढून उघड्या पडलेल्या तंतूंच्या जाळ्यात ही राळ मुरविली तर दंतिन व राळ ह्यांचा एकजीव थर होतो. तेव्हापासून थोडेसेच कापून पुष्कळ वाचविता येऊ लागले. तरीही मगजाजवळच्या ओल्या, सच्छिद्र दंतिनास ही राळ वरच्या दंतिनाइतकी नीट धरीत नाही. म्हणून कीड वर असतानाच उपचार करणे श्रेयस्कर. ब्लॅक ह्यांचा नियम बदलला, परंतु दाताची रचना पाहून उपाय ठरवावा ही त्यांची दृष्टी बदलली नाही. आपल्या मताची कसोटी पुढच्यांनी घ्यावी, ह्यातच शास्त्रज्ञाचा मान आहे.

विद्यार्थी मित्रहो, आणि पालकहो, ह्या चरित्रातून घ्यावयाचा बोध उघड आहे. क्वचित एखाद्या बालकाचे दंतिन किंवा वल्क जन्मतः अथवा बालपणच्या आजाराने सदोष असते, आणि अशा बालकास तर दंतवैद्याची अधिकच गरज असते. परंतु सामान्यतः आपले दात मऊ आहेत म्हणून ते किडत नाहीत. रात्री न घासता झोपल्याने, दिवसभर गोळ्या-बिस्किटे चघळल्याने आणि पहिली कळ आली असता उपेक्षा केल्याने किडतात. दाढेतून किडा काढून दाखविणाऱ्या भोंदूच्या नादी लागू नये. तेथे डोळ्यांस दिसणारा किडा नसतोच. आणि ज्या खर्ऱ्याने आमच्या विदर्भातील किती तरुणांची तोंडे उघडेनाशी झाली आहेत, त्याचा तर स्पर्शही होऊ देऊ नये.

शिकागोच्या लिंकन उद्यानात ब्लॅक ह्यांचा पुतळा उभा आहे. परंतु त्यांचे खरे स्मारक म्हणजे वेळेवर वाचविलेली प्रत्येक दाढ होय. वल्क एकदा नष्ट झाले की शरीर ते पुन्हा घडवीत नाही. परमेश्वराने हे देणे एकदाच दिले आहे. जे पुन्हा मिळावयाचे नाही त्याचा सांभाळ करणे, आणि सर्वांच्या तोंडी असलेली गोष्टही तपासल्यावाचून खरी न मानणे, हे दोन्ही गुण आमच्या विद्यार्थ्यांच्या अंगी यावेत, अशी आमची त्या दयाघन प्रभूजवळ प्रार्थना आहे.